धवलारीण आणि काळजाची टेप

मुर्ध्याच्या शाळेत मी रुजू झाले ते बासष्ट साली, आणि सरूबाईच्या ओटीवरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहिले ती सतरा-अठरा वर्षं. आता मीरा रोडला सातव्या मजल्यावर राहते. लग्नसराईत पत्रिका येतात. त्यात हॉलचं नाव असतं, जेवणाची वेळ असते. पत्रिका हातात घेतली की मनात हमखास येतं, हळद कोण गाणार? विचारायची सोय नाही. विचारलं तर मुलं म्हणतील, बाई, गाणी लावायला माणूस ठेवलाय.

तेव्हाच्या मुर्ध्यात लग्न लावायला भटजी येत, पण लग्न उभं करायची ती धवलारीण. मांडवाची पहिली मेढ रोवण्यापासून नवरी गावाची वेस ओलांडेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागे. त्या गाण्यांना धवले म्हणत. इतर गावांत दोघी-तिघी मिळून गात. आमच्याकडे सरूबाई एकटी होती आणि एकटीच पुरायची.

अंगानं किरकोळ, रंगानं सावळी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. नवरा लवकर गेला. दिवसा मिठागरात फळी ओढायची, म्हणजे वाफ्यात धरलेलं मीठ लांब दांड्याच्या फळीनं बांधाकडे ओढून आणायचं. उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून डोळे कायम बारीक झालेले. बोलणं मात्र अखंड. चुलीशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, ऐकायला कोणी नसलं तर डोक्यावरच्या हंड्याशी बोलायची. मी वह्या तपासत असले की दारात येऊन म्हणायची, "बाई, तुमी तपासा, मना उत्तर नको." आणि तासभर बोलायची.

तिचं नाव होतं ते हळदीच्या धवल्यासाठी. तो असा होता:

"हलद कंच्या वाटंनं आली गो, मिठाच्या बांधावरनं आली, बांधावर बगला बसला, त्याच्या पायाला लागली, तितून उडाली नि मांडवात आली, आमच्या अमकीच्या गालाला लागली…"

'अमकी'च्या जागी नवरीचं नाव. खाडीवर बगळे बघितलेल्याला हे पटतं. त्या पांढऱ्या पक्ष्याचे पंजे खरोखर पिवळे असतात. हे सगळं एका दमात म्हणायचं, अशी गावाची रीत. बांधावर निघालेली हळद नवरीच्या गालापर्यंत पोचेस्तोवर गाणारीनं श्वास घ्यायचा नाही. हळद वाटेत थांबली तर नवरीलाही जन्मभर वाट बघावी लागते, असं बायका मानत. सरूबाईचा सूर आधीच लांबट, त्यात ती प्रत्येक शब्दाला हेलकावा द्यायची. ती बगळ्यापाशी पोचली की मांडवातल्या आम्ही सगळ्या आपापला श्वास धरून बसत असू, आणि नवरीचं नाव आलं की सगळ्यांचा एकदम सुटे.

अठ्ठ्याहत्तरच्या माघात एका हळदीला, नवरीचं नाव उच्चारलं आणि सरूबाई बसल्या जागी कलंडली. लगेच उठलीही. "झोप लागली," म्हणाली. पण पंधरवड्यानं मिठागरातून येताना पुन्हा तेच झालं. उतरणीवर डोक्यावरचं ओझं सावरायला तिनं दम धरला होता म्हणे. गावात कुजबुज सुरू झाली. गाताना धवलारीण मांडवात पडली तर नवरीचं काय? दोन घरांनी गुपचूप शेजारच्या मोर्वा गावाची धवलारीण ठरवली. सरूबाईला ते कळलं त्या दिवशी ती कोंबड्यांशीसुद्धा बोलली नाही.

तिच्यापुढे प्रश्न एवढाच होता: मांडवात बसायला मिळणार की नाही. आणि समोर मंदाचं लग्न होतं. मंदा ही भिंतीला भिंत लागून असलेल्या गोदूबाईची मुलगी. गोदूबाई आणि सरूबाई कोंबड्यांवरून रोज भांडायच्या, पण मंदाला लहानपणी गोवर आला तेव्हा ती सरूबाईच्याच मांडीवर होती.

"मोर्व्याची येल तं मी मांडवच घालनार न्हाय," गोदूबाई म्हणाली. "पन सरू, तू पडू नको गो. तुज्या पाया पडते. आधी दागतराला दाखव."

भाईंदरच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं. मुलगा नाथा, सून शेवंती आणि मी, असे तिला घेऊन गेलो. साधा कार्डिओग्राम स्वच्छ आला. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "झोपवून काढलेल्या आलेखात दोष सापडेलच असं नाही. एक नवीन यंत्र आलंय. एक दिवस-रात्र अंगावर बाळगायचं. त्यात काळजाचा प्रत्येक ठोका उतरतो."

ते यंत्र बांधायला जी बाई आली ती निघाली उत्तनची. एव्हलिन तिचं नाव. शनिवारी घरी जाताना तिची बस मुर्ध्यावरूनच जायची. सरूबाईच्या छातीवर तिनं पट्ट्यांनी गोल चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी पोलक्याखालून काढल्या आणि विटेएवढं यंत्र चामड्याच्या पट्ट्यानं खांद्याला अडकवलं.

"मावशी, आंघोळ करायची न्हाय. बाकी रोजच्यासारखा सगळा करायचा. चक्कर आली तं हा खटका दाबायचा. आनि जपा हां, आत टेप फिरते."

'टेप' हा शब्द ऐकून सरूबाईचा चेहरा बदलला. शेवंतीनं माझ्याकडे बघितलं. नाथा खोकला.

त्याचं कारण मागच्या वर्षी घडलं होतं. भाईंदरच्या कुणा पाहुण्यानं एका लग्नात टेपरेकॉर्डर आणला, धवले भरून घेतले आणि चार दिवसांनी नाक्यावरच्या चहाच्या टपरीत लावले. मांडव नाही, हळद नाही, नवरी नाही, आणि सरूबाई गातेय. तीही पाव-मस्का खाणाऱ्या लोकांपुढे. तिनं टपरीवाल्याला असं फैलावर घेतलं की त्यानं टेप बंद करून पाहुण्याकडे परत पाठवली. त्याच टेपमध्ये धवल्याच्या मागून गोदूबाईचा आवाजही स्पष्ट आला होता: "नवरा कसला गो, वालत घातलेला बोंबील!" ते वरपक्षाच्या कानावर गेलं, आणि ते प्रकरण मिटवायला होळी यावी लागली.

त्यामुळे घरी पोचताच सरूबाईनं ओठावर बोट ठेवलं आणि यंत्राकडे दाखवलं. सगळे समजले.

मी सांगून पाहिलं. म्हटलं, "ही टेप फक्त काळजाचे ठोके घेते, बोलणं नाही."

गोदूबाई कुजबुजत म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. पन इतक्या आतला कालीज तिला आयकू येतो, नि तोंड आयकू येनार न्हाय?"

मी वह्या उचलून माझ्या खोलीत गेले.

ते घर तसं मी कधी पाहिलं नाही. सरूबाई ओटीवर पाय पसरून बसली, यंत्र मांडीवर, तोंड मिटलेलं. पाणी हवं तर तांब्याकडे बोट. शेवंतीनं तिला काडी उचलू दिली नाही. 'रोजच्यासारखं सगळं करा' हे कुणाच्या कानात शिरलंच नव्हतं. शेवंती तर सासूशी पुस्तकातल्यासारखी बोलायला लागली: "आई, आपण जेवता का?" कोंबड्या भिंत ओलांडून गेल्या, पण भांडण झालं नाही. नाथा कामावरून आला आणि दारातच थबकला. "कोन मेला काय?"

"श्श!" सगळ्या एकदम.

संध्याकाळी गोदूबाई नवं लुगडं नेसून आली, यंत्रासमोर मांडी घालून बसली आणि घसा खाकरून ठणठणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी गोदूबाई बोलते, शेजारीण. आमची सरू चांगली बाई आहे. तिला बरी करा. चहा लई पिते, तो कमी करायला सांगा. आणि माझा उजवा गुडघा दुखतो, त्याला काय गोळी असली तर तिच्याबरोबरच द्या."

सरूबाईनं तिला हातानंच असा काही शब्द बोलून दाखवला की शेवंती पदर तोंडाशी धरून आत पळाली.

यंत्र परत दिल्यावर डॉक्टरनं आम्हांला चार दिवसांनी बोलावलं. "काही दोष दिसत नाही," तो म्हणाला. "ठोके अगदी संथ आणि नियमित. दिवसभर काय काय केलंत?"

"काय न्हाय केला. गप बसली."

"गाणं?"

"टेपसमोर?" सरूबाईनं कानाला हात लावला. "धवला काय अशा पेटीत गातात? आनि तुमी तो चारचौघांत लावनार."

डॉक्टरला काही कळेना. एव्हलिनला मात्र कळलं. ती भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग तिनं आलेखाची लांबलचक पट्टी सरूबाईपुढे उलगडली. "मावशी, बघ. यात बोलना न्हाय, गाना न्हाय. नुसती धकधक. तुजी शेजारीन काय बोलली ती पन न्हाय हं यात."

"गुडघा पन न्हाय?"

"गुडघा पन न्हाय."

तरी कागद हातात होता आणि त्यावर 'दोष आढळला नाही' असं लिहिलेलं होतं. नाथा खूश. तो कागद गावात दाखवला की कुजबुज बंद, मंदाच्या हळदीचा मान आपल्याच घरात. आम्ही फाटकापर्यंत आलो. तिथे सरूबाई थांबली आणि माझ्याकडे वळली.

"बाई, एक पोर परीक्षेला बसलाच न्हाय, नि तुमी त्याला पास केला. असा चालंल?"

"नाही चालणार."

"मंग ह्यो कागद कसा चालंल?"

नाथा वैतागला. "आय, आता कशाला उकरतेस? चांगला लिवलाय तं घे ना!"

"मंदाच्या हलदीला पडली तं तुजा कागद तिच्या कपालाला लावू काय?" असं म्हणून ती मागे फिरली. नाथा तिथेच उभा राहिला, शेवंती आणि मी तिच्या मागून गेलो.

तिनं डॉक्टरला सांगितलं, यंत्र पुन्हा बांध, पण मंदाच्या हळदीला बांध. डॉक्टर म्हणाला, धोका आहे, सध्या गाऊच नका. एव्हलिन मध्ये पडली. ती डॉक्टरशी बोलताना शहरी मराठीत बोलायची. "सर, मशीन असलं काय, नसलं काय, ही बाई गाणारच आहे. आमच्याकडच्या बायका मला माहीत आहेत. मग मशीन असलेलं बरं. हळद शनिवारी आहे, मी घरी जाताना थांबेन तिच्याजवळ."

डॉक्टरनं पट्टीची गुंडाळी करून बाजूला ठेवली. मग त्यानं अट घातली: शेजारी कोणीतरी सतत बसायचं, आणि चक्कर येतेय असं वाटलं की गाणं तिथेच सोडायचं. सरूबाईनं "हो" म्हटलं. कशाला, ते तिलाच ठाऊक.

वैशाखातली हळद. मांडवावर नारळाच्या हिरव्या झावळ्या, खाली दुपारपासून सारवलेली जमीन. एव्हलिननं शेवंतीच्या खोलीत यंत्र बांधलं; घामानं चकत्या सुटू नयेत म्हणून आणखी पट्ट्या लावल्या. सरूबाई हिरवं लुगडं नेसून, एका खांद्यावर यंत्राचा पट्टा घेऊन मांडवात आली, तशी एक म्हातारी म्हणाली, "सरू, रेडू आनलास काय गो?"

"हां. बातम्या लागल्या का सांगते."

ती नवरीच्या पाटाशी बसली. तिच्या मागे, पाठीला पाठ लागेल इतकी जवळ, शेवंती. शेवंतीला कुणी गाणारी मानत नसे. सरूबाई तर म्हणायची, "हिचा गला म्हंजे रिकामी घागर." लग्नालग्नाला सासूचा दिवा आणि पानाचा डबा घेऊन मागे बसणं, हेच तिचं काम. एव्हलिन समोर बसली आणि मी तिच्याजवळ.

मंदाच्या कपाळाला पहिलं बोट लागलं. सरूबाईनं छातीभर दम घेतला.

"हलद कंच्या वाटंनं आली गो…"

आवाज तोच होता. जरासाही पातळ झालेला नव्हता. बांध आला. बगळा आला. सवयीप्रमाणे आम्ही श्वास धरले. 'त्याच्या पायाला लागली' इथे तिनं तो हेलकावा दिला, जो फक्त तीच देऊ शकायची, आणि मी पाहिलं की तिच्या ओठांचा रंग जातोय. हात यंत्रावर गेला, खटका दाबला गेला. डॉक्टरला दिलेला शब्द ती पाळणार नव्हती, ते तिच्या मानेवरूनच दिसत होतं. 'तितून उडाली' म्हणताना सूर घशातच राहिला आणि ती मागे, शेवंतीच्या पाठीवर रेलली.

आणि सूर थांबला नाही.

"…तितून उडाली नि मांडवात आली…"

शेवंती गात होती. जाड, घोगरा, मडक्यातून आल्यासारखा आवाज. सासू पाठीवर रेलताक्षणी, ती पूर्ण गप्प होण्याआधीच, तिनं ओळ घेतली होती. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही हात मागे करून सासूला धरलेलं. एव्हलिन झेप घालून पुढे गेली. "आमच्या मंदाच्या गालाला…" म्हणताना शेवंतीचा आवाज थरथरला, पण नाव आलं. तोवर सरूबाईनं डोळे उघडले होते. 'लागली' हा शब्द दोघींनी बरोबर म्हटला.

रेडू म्हणणारी म्हातारी कुरकुरली, "हलद वाटंत थांबली…"

गोदूबाई हळदीच्या ताटासकट उठली. "कुटं थांबली? तू बहिरी हायस काय? ओल तुटली? न्हाय तुटली. हलद एका होडीतून दुसऱ्या होडीत बसली नि आली. माज्या पोरीचा नाव आला ना? मंग! लावा गो हलद!"

एव्हलिन सरूबाईची नाडी धरून बसली होती. तिनं पुढे एक ओळही गाऊ दिली नाही. त्या संध्याकाळचं बाकीचं सगळं शेवंतीनं गायलं. काही ठिकाणी ती चुकली, तेव्हा सरूबाई पडल्या पडल्या शब्द सांगायची.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरनं पट्टी टेबलावर अंथरली. एकासारखे एक उंच-सखल ठोके, मग खटका दाबल्याची खूण, आणि तिच्यापुढे बोटभर नुसती सरळ रेघ. रेघेनंतर पुन्हा ठोके, आधी लांब लांब, मग नेहमीसारखे.

"इथे तुमचं काळीज थांबलं होतं," तो म्हणाला. "तुम्ही दम फार वेळ कोंडून धरता, त्यानं होतं हे. काही जणांचं होतं. मिठागरात ओझं उचलतानाही तेच झालं असणार."

सरूबाईनं त्या रेघेवर बोट ठेवलं. मीठ ओढून ओढून टोकाला चपटं झालेलं बोट.

"हितं मी नव्हते."

"होतात हो. पण थोडक्यात वाचलात."

"हितं ही गात होती," ती म्हणाली आणि शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीनं मान खाली घातली. मग सरूबाईनं डॉक्टरला विचारलं, "तुमी मना गाऊ नको बोलता, का दम धरू नको बोलता? नीट सांगा."

डॉक्टरनं पट्टी पुन्हा एकदा जवळ ओढली. मग तो म्हणाला, "दम धरू नका. ओझं उचलू नका. दर दोन महिन्यांनी दाखवायला या. साधं, मधे मधे श्वास घेत गायलात तर माझी हरकत नाही."

"साधा," सरूबाई म्हणाली. तिनं एकदा मान हलवली, आणि तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिनं त्या एका मान हलवण्यात सोडून दिली. निघताना एव्हलिननं तिच्या पिशवीत गोदूबाईच्या गुडघ्यासाठी मलमाची ट्यूब टाकली.

त्यानंतर मिठागर सुटलं. पावसाळ्यात मांडव नसतात, म्हणून धवला गायचा नाही हा नियम सरूबाईनं स्वतःच मोडला. दुपारी नाथा कामावर गेला की दार लावून घ्यायची आणि शेवंतीला समोर बसवायची. माझी खोली भिंतीपलीकडे असल्यानं मला सगळं ऐकू यायचं.

"घागर भर गो, घागर. नुसती वाजवू नको."

"आय, माजा गलाच असा हाय."

"गला कसा पन असू दे. बगल्याला उडव. तुजा बगला बांधावर अंडी घालून बसलाय."

दिवाळीनंतर पहिलं लग्न आलं ते त्या दोन घरांपैकी एकाचं, ज्यांनी मोर्व्याची बाई ठरवली होती. धाकट्या मुलीच्या वेळी ते सरूबाईकडे आले. गोदूबाईनं त्यांना ओटीवरच बजावलं, "आता दोन धवलारनी येतात. विडा पन दोघींचा ठेवायचा."

त्या हळदीला सरूबाईनं ओळ उचलली आणि बगळ्यापर्यंत आणली. मग शेवंतीनं तिच्या सुरात सूर मिसळून ती पुढे नेली. दोन आवाज होते, एक बारीक आणि एक जाड, आणि सांधा मला तरी ऐकू आला नाही. शेवंतीला त्या दिवशी अवसान चढलं होतं. तिनं ती अर्धी ओळच नव्हे, पुढच्या दोन ओळीही एका दमात ओढून नेल्या. मांडवातल्या बायका माना डोलवायला लागल्या.

विधी आटोपल्यावर सरूबाई सुनेला कोपऱ्यात घेऊन गेली. मला वाटलं, शाबासकी देईल. मी पानं घ्यायच्या निमित्तानं जवळ गेले.

"येवढा लांब दम घेतेस," ती दटावत होती, "मना शिरायला जागा कुटं ठेवलीस? पुढच्या वक्ताला मधे जरा थांब. मी पन हाय अजून."